शेंगांचा व्हिसा

लोकमान्य टिळकांनी लहानपणी शेंगा खाल्ल्या नाहीत, म्हणून त्यांनी टरफलं उचलली नाहीत, ही गोष्ट आपण सगळे शाळेपासून ऐकत आलो आहोत. जो खाईल त्यानं आवरावं, असं तिचं तात्पर्य गुरुजींनी आम्हांला सांगितलं होतं. पुढे मी बी.कॉम. झालो (सेकंड क्लास, पण थोडक्यात फर्स्ट हुकला), बँकेत लागलो, आणि ध्यानात आलं, की हे तात्पर्य फक्त लोकमान्यांपुरतंच खरं आहे. कारकुनाच्या बाबतीत शेंगा दुसऱ्याच्या असतात आणि टरफलं त्याची. २०२५ साली मी सहा महिने टरफलं उचलली. शेंगा आमच्या मातोश्रींनी खाल्ल्या.

खुलासा करतो. युरोपात जाण्यासाठी जो व्हिसा लागतो त्याला ‘शेंगेन व्हिसा’ म्हणतात. आमच्या आईनं हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती भुईमुगाच्याच शेंगा निवडत बसली होती. तिनं मान वर न करता विचारलं, “कसला म्हणालास? शेंगांचा?” तेव्हापासून आमच्या घरात, गल्लीत आणि पुढं साऱ्या कुरुंद्यात त्याचं नाव ‘शेंगांचा व्हिसा’ असंच पडलं.

त्याचं असं झालं. माझी धाकटी बहीण लग्न होऊन जर्मनीत गेली. तिथं सारब्रुकेन नावाचं शहर आहे, त्याचा आईनं ‘सारोळा’ केला. कुणी विचारलं तर “आमची बाई सारोळ्याला असती” असं ती सांगते, आणि ऐकणारा “कोणता सारोळा? नांदेडकडचा का?” असं विचारतो. मे महिन्यात या सारोळ्याहून फोन आला, की नोव्हेंबरअखेर घरात पाळणा हलणार. आईनं आधी देवापुढं साखर ठेवली, मग हुकूम सोडला, “पहिलं बाळंतपण माहेरी. तिकीट काढून दे म्हणावं.”

पण ते जमेना. तिकडं नोकरदार बाईला बाळंतपणाची रजा सहा आठवडे आधीपासून मिळते. त्याच्या आधी रजा नाही, आणि रजा लागल्यावर डॉक्टर विमानात बसू देईनात. लेक माहेरी येऊ शकत नाही, असं ठरल्यावर उरला एकच उपाय. माहेरच तिकडं पाठवायचं. आमचं माहेर म्हणजे पाच फूट उंचीच्या, नऊवारी नेसणाऱ्या, एका म्हशीच्या आणि चार एकर हळदीच्या मालकीण असलेल्या आमच्या मातोश्री. ते माहेर पाठवायचं काम माझ्याकडं आलं. कारण मी बँकेत आहे. बँकेतल्या माणसाला सगळे कागद समजतात, असा आमच्या गावाचा समज आहे. तो मी कधी दूर केला नाही, ही माझी चूक.

आता हे शेंगेन काय प्रकरण आहे ते सांगतो, कारण मलाही ते समजायला दोन महिने लागले. शेंगेन हे एका खेड्याचं नाव आहे. लक्झेंबर्ग नावाच्या चिमुकल्या देशात, मोझेल नदीच्या काठी, द्राक्षमळ्यांमधलं खेडं. फ्रान्स, जर्मनी आणि लक्झेंबर्ग या तिघांचे बांध तिथं एकत्र येतात. १४ जून १९८५ रोजी नदीतल्या एका बोटीवर बसून पाच देशांनी सह्या केल्या, की आपापसातले नाके हळूहळू उठवायचे. प्रत्यक्षात ते १९९५ साली उठले. पुढं एकेक देश येऊन मिळत गेला, आणि १ जानेवारी २०२५ ला रुमानिया-बल्गेरियाच्या रस्त्यावरचेही नाके गेल्यावर आता पुरे एकोणतीस देश या मेळ्यात आहेत. तिघांचे बांध जिथं मिळतात तिथं आमच्याकडं तीन पिढ्यांचा कोर्टकज्जा असतो. तिकडच्या लोकांनी तिथं तह केला, याचंच मला पहिल्यांदा नवल वाटलं.

आईला मी हे शेंगेवरूनच समजावलं. एक शेंग घेतली आणि म्हटलं, “हे बघ, आत एकोणतीस दाणे आहेत असं समज. दाण्यादाण्यात भिंत नाही. या दाण्यातून त्या दाण्यात कुणीही जावं. पण बाहेरचं टरफल आहे ना, ते एकच आणि कडक. ते फोडल्याबिगर आत जाता येत नाही.”

आईनं माझ्या हातातली शेंग घेतली, चिमटीत धरून कट्‌कन फोडली, आणि दाणे तोंडात टाकले. “मग फोड की,” ती म्हणाली.

टरफल फोडण्याआधी मी नियम वाचायला बसलो. मुख्य नियम एका ओळीचा आहे: कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येईल. ओळ एक आहे, पण तिच्यात ‘कोणत्याही’ हा जो शब्द आहे ना, तो वरवर साधा दिसतो आणि आत गेल्यावर चावतो. आमच्या बसस्टँडसमोरच्या टपरीवर त्याचा अर्थ लावायला सभा भरली. एक जण म्हणाला, म्हणजे वर्षाचे दोन भाग, जानेवारी-जून आणि जुलै-डिसेंबर. दुसरा म्हणाला, “सोपं हाय की ओ साहेब. नव्वद दिवस जर्मनीत काढायचे, एक दिवस स्वित्झर्लंडला जाऊन यायचं, की पुन्हा नवे नव्वद.” हा गृहस्थ हिंगोलीच्या पलीकडं कधी गेलेला नाही, पण त्याच्या बोलण्यात इतका आत्मविश्वास होता, की माझे नियमच चुकले असावेत असं मला वाटायला लागलं.

ते दोघंही चूक होते. एकोणतीस देशांचं मिळून खातं एकच. स्वित्झर्लंडही त्याच शेंगेतला दाणा आहे. फार काय, शेंगेबाहेर लंडनला जाऊन चहा पिऊन आलं, तरी मागचे दिवस पुसले जात नाहीत. आणि १८० दिवस हे कॅलेंडरवरून धरायचे नसून, रोज त्या त्या दिवसापासून मागं वळून मोजायचे. शेवटी मला ते बँकेच्या भाषेत उमगलं. हा नव्वद दिवसांचा ओव्हरड्राफ्ट आहे. तिथं काढलेला एकेक दिवस नावे पडतो. नावे पडलेला दिवस १८० दिवसांनी जुना होऊन आपोआप जमा होतो. व्याज नाही, पण मर्यादा ओलांडली तर दंड, प्रवेशबंदी आणि पुढचा व्हिसा मिळताना मारामार. हे मी टपरीवर समजावून सांगितलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि चहाचे पैसे माझ्या नावे टाकले.

मग कागद. गेली बावीस वर्षं मी काउंटरच्या आतल्या बाजूला बसून लोकांना कागद मागतोय. “झेरॉक्स जोडा”, “सही जुळत नाही”, “फोटो चालणार नाही”, “उद्या या” हे चार मंत्र म्हणत माझं अर्धं आयुष्य गेलं. आता नियतीनं मला काउंटरच्या बाहेर उभं केलं. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, त्यात दोन पानं कोरी हवीत, आणि परत निघायच्या तारखेपुढं त्याची किमान तीन महिने मुदत हवी. फोटो पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटर. तीस हजार युरोंचा आजारपणाचा विमा. आजच्या भावानं हे तीस लाखांच्या वर जातात. आई म्हणाली, “एवढ्यात तर मी मेलेली परवडंल.” तर तेही त्या विम्यात होतं. मेल्यावर घरी आणायचा खर्च धरूनच तो असतो. व्हिसाची फी ११ जून २०२४ पासून नव्वद युरो आहे. नव्वद दिवसांना नव्वद युरो, म्हणजे दिवसाला एक युरो, हा हिशेब मला व्यापारी म्हणून आवडला. पण व्हिसा नाकारला तरी फी परत नाही, हे वाचल्यावर तो आवडेनासा झाला.

आईची जन्मतारीख १ जून. तिच्या वयाच्या निम्म्या मराठवाड्याची तीच आहे, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांना ती सोयीची पडत असे. लग्नाचा दाखला २०२२ च्या जुलैत गावात पुराचं पाणी शिरलं तेव्हा भिजून त्याचा लगदा झालेला. शेतीचा पुरावा म्हणून सातबारा जोडायचा, तर त्याचं इंग्रजी करून आणलं. त्यात ‘पोटखराबा’ या शब्दाचं भाषांतर असं काही झालं होतं, की वकिलातीला वाटावं, बाईंच्या जमिनीला हगवण लागली आहे. बँकेचं तीन महिन्यांचं स्टेटमेंट माझ्याच शाखेचं होतं. मी ते माझ्याच हातानं छापलं आणि सहीसाठी शेजारच्या टेबलावर नेलं. शेजारच्या टेबलानं माझ्याकडं चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणालं, “उद्या या.”

सगळ्यांत गंमत जामीनदाराची. जर्मनीत बोलावणाऱ्या माणसानं तिथल्या परदेशी नागरिकांच्या कचेरीत जाऊन लेखी हमी द्यायची असते, की पाहुण्याचा सगळा खर्च, वेळ पडली तर औषधपाण्याचासुद्धा, मी सोसेन. म्हणजे धाकटी आईला जामीन राहिली. जिच्या शाळेच्या फॉर्मवर, वसतिगृहाच्या अर्जावर आणि शिक्षणकर्जावर जामीनदार म्हणून आईचा अंगठ्याएवढा मोठा ‘सुलोचनाबाई’ असा सहीचा फराटा असायचा, ती पोरगी आता परक्या देशात, परक्या भाषेत, सातव्या महिन्याचं पोट सांभाळत कचेरीत उभी राहून आईसाठी सही करून आली. त्या कागदाचा फोटो तिनं पाठवला तेव्हा मी पहिल्यांदा शिक्का बघितला, ही धंद्याची सवय. सही नंतर बघितली. ती आईच्याच वळणाची होती.

पण सगळ्या कागदांचा गाभा एकच असतो. तुम्ही परत येणार, हे सिद्ध करा. मुदत संपायच्या आत हा माणूस परत जाईल की नाही याची साधार शंका आली, तर तेवढ्या एका कारणावर व्हिसा नाकारता येतो. नोकरदाराचं सोपं असतं, रजेचा अर्ज जोडला की झालं. सत्तरी ओलांडलेली विधवा बाई परत येईल हे कशावरून? आमच्याच जिल्ह्यातल्या नरसीचे नामदेव महाराज पंजाबात घुमानपर्यंत गेले, त्यांना परतीचं तिकीट कुणी विचारलं नव्हतं.

“आई, तू परत येशील हे कशावरून?” मी विचारलं.

ती दुखावलीच. “कामून असं विचारायलास? म्हशीची धार कोण काढील? तुझी बायको? तिला तर म्हैस लाथ मारती.”

“म्हैस चालत नाही. दुसरं सांग.”

“जानेवारी सरला की हळद काढायला येती. मी नसले तर गडी कंद अर्धे जमिनीतच ठेवतेत.”

“ते लिहितो. आणखी?”

आई जरा वेळ गप्प बसली. मग तिनं जे सांगितलं त्यापुढं माझे सगळे कागद रद्दी होते. “बापू,” ती म्हणाली, “लेकीच्या घरी माणूस किती दिवस राहतंय? माझ्या आईनं माझ्या घरचं पाणीसुद्धा पिलं नाही. मी बाळंतपणाला चाललेय म्हणून तर जायलेय. त्यांनी ठेवून घेतलं तरी मी राहीन का?”

हे वकिलातीला इंग्रजीत कसं लिहावं यावर मी दोन रात्री घालवल्या. ‘आमच्याकडं लेकीच्या घरी राहत नाहीत’ या वाक्यानं जगातला कोणताही अधिकारी निर्धास्त व्हायला हवा, पण त्याला फॉर्ममध्ये रकाना नाही. मी हळदच लिहिली.

सप्टेंबरात आम्ही नांदेडहून देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबईला निघालो. गाडीत आईनं आमच्या आजोबांची गोष्ट काढली. निजामाच्या काळात आजोबांची बहीण उमरखेडला दिलेली होती. पैनगंगेच्या अलीकडं निजामाचं राज्य, पलीकडं वऱ्हाड, म्हणजे इंग्रजांचा कारभार. अलीकडं हाली शिक्का, पलीकडं कलदार रुपया, आणि वाटेत करोडगिरीचा नाका. बहिणीला भाऊबीजेचं लुगडं न्यायचं तर नाकेदार घडी उलगडून बघायचा. एका वर्षी आजोबांनी ते लुगडं स्वतःच्या डोक्याला फेट्यासारखं गुंडाळून नेलं. नाकेदार हसून म्हणाला, “पाटील, फेट्याला पदर आहे तुमच्या.” पुढं १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य गेलं. १९५६ साली कुरुंदा आणि उमरखेड एकाच मुंबई राज्यात आली, १९६० साली महाराष्ट्रात. आता पैनगंगेच्या पुलावर एस.टी. थांबतसुद्धा नाही. “तुझ्या आजोबाला खरं वाटलं नसतं,” आई म्हणाली, “की नाका बी उठत असतो.”

मुंबईच्या अर्ज केंद्रात दहा बोटांचे ठसे घ्यायचे होते. तिथल्या मुलीनं आईचा हात काचेवर ठेवला. यंत्र गप्प. बोटं पुसली, पुन्हा ठेवली. यंत्र गप्पच. पन्नास वर्षं भाकरी थापून आणि खुरपं धरून आईच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेल्यात. आमच्या शाखेत अशी माणसं रोज येतात. आधारच्या यंत्रावर त्यांचा अंगठा उमटत नाही, आणि मी त्यांना “बाबा, जोरात दाबा, जोरात” असं ओरडत असतो. जसं काही त्यांनी आयुष्यभर हलकंच काम केलंय. त्या मुलीनं आईला ओरडलं नाही. तिनं आईचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून जरासा चोळला, ऊब दिली, आणि एकेक बोट सावकाश टेकवलं. सहाव्या खेपेला यंत्र राजी झालं. दुसऱ्या दिवशीपासून मी शाखेत ओरडणं बंद केलं. म्हणजे कमी केलं.

व्हिसा पंधरा दिवसांत आला. त्याच्यावर दोन गोष्टी छापलेल्या असतात. एक, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत. दुसरी, राहण्याचे दिवस. आईचे दिवस ९०, आणि ‘तमुक तारीख’ मात्र फेब्रुवारीच्या मध्यावरची, कारण प्रवास मागंपुढं झाला तर म्हणून पंधरा दिवसांची सवलत धरलेली असते. आमच्या गल्लीत तीच तारीख राहायची मुदत म्हणून गाजली. मी सगळ्यांना हसलो आणि म्हणालो, तारीख बघायची नसते, दिवस बघायचे असतात. मग मी स्वतः बसून हिशेब केला. १ नोव्हेंबरला पोहोच. १ नोव्हेंबर अधिक ९० दिवस, म्हणजे ३० जानेवारी. दोन्ही तिकिटं काढली आणि कपाळावरचा घाम पुसला.

दिवाळी करून आई निघाली. दूध-तुपाचे पदार्थ तिकडं सामानात नेता येत नाहीत, म्हणून तुपाचा डबा मुंबईलाच राहिला. आईनं ते मनाला लावून घेतलं. पुढं सारोळ्यात तिनं दुकानातलं लोणी आणून घरीच कढवलं, आणि त्या वासानं वरच्या मजल्यावरची जर्मन म्हातारी खाली आली ती वाटी घेऊनच गेली. विमानतळावर आईसाठी चाकांची खुर्ची सांगितली होती. रोज शेतापर्यंत चालत जाणारी बाई त्या खुर्चीत महाराणीसारखी बसून गेली, कारण खुर्ची ढकलणाऱ्याला वाट माहीत असते, एवढाच तिचा हिशेब. तिकडं अधिकाऱ्यानं काही विचारलं, तेव्हा तिनं पोटावरून हवेत मोठा गोल काढून दाखवला आणि हात जोडले. त्यानंही हात जोडले, शिक्का मारला.

इकडं नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांचा हयातीचा दाखला द्यायचा महिना. आईला वडिलांचं कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. म्हणजे वकिलातीत मी ‘आई परत येणार आहे’ हे सिद्ध केलं, आणि लगेच बँकेत ‘आई जिवंत आहे’ हे सिद्ध करायची पाळी आली. ते तिनं जर्मनीतून मोबाईलपुढं चेहरा धरून केलं. माझ्या शाखेनं ते स्वीकारलं. मी जातीनं बघितलं.

नातू नोव्हेंबरअखेर येणार होता, तो आला ९ डिसेंबरला. पहिले एकोणचाळीस दिवस त्यानं आमच्या खात्यातले असे फुकट घालवले, तरी कुणी त्याला बोललं नाही. आणि त्याच आठवड्यात माझ्या काउंटरवर एक शेतकरी मुदत ठेवीची पावती घेऊन आला. “साहेब, एक दिवसाचं याज कमी लावलं तुम्ही.” मी त्याला नेहमीच्या सुरात सांगायला लागलो, “पैसे ठेवले तो दिवस धरायचा, काढले तो दिवस धरायचा नाही...” आणि माझं वाक्य तिथंच अडकलं. तोंडाला कोरड पडली. नियमात काय लिहिलंय? शिरलेला दिवसही धरायचा आणि निघालेला दिवसही धरायचा! मी बोटांवर मोजलं. नोव्हेंबरचे तीस, डिसेंबरचे एकतीस, झाले एकसष्ट. जानेवारीचे तीस. एक्याण्णव. बावीस वर्षांच्या बँकिंगनं माझ्या आईला युरोपात एक दिवसाची घुसखोर केली होती.

धाकटीला फोन केला. ती म्हणाली, “दादा, आता तर १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याऐवजी यंत्रावर नोंदी घ्यायला टप्प्याटप्प्यानं सुरुवात झालीय. यंत्राला ‘चुकून झालं’ हे सांगता येत नाही.” तिकीट बदललं. बदलायला जे पैसे पडले ते आमच्या सौ.ना अजून माहीत नाहीत. या पुस्तकातला हा लेख त्यांनी वाचू नये अशी व्यवस्था मी करणार आहे. दुधानं तोंड पोळलेलं, म्हणून मी २९ जानेवारी न घेता २८ घेतली. एक दिवस हातचा ठेवला.

जानेवारीतल्या एका रविवारी जावई आईला खुद्द शेंगेन गाव दाखवायला घेऊन गेले. तासाभराची वाट. त्या दिवशीचा तिचा फोन असा होता: “गाव म्हणजे आपल्या एका गल्लीएवढं. नदी हाय, द्राक्षाचे मळे हायेत, पण थंडीनं सगळे वाळून काटक्या झालेले. पूल ओलांडला की दुसरा देश, म्हणाले. मी म्हटलं नाका कुठंय? तर नाकाच नाही. तुझ्या आजोबाला दाखवायला पाहिजे होतं.” परत येताना मात्र जर्मनीच्या हद्दीत पोलिसांनी गाडी थांबवली. १६ सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीनं आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर पुन्हा तात्पुरती तपासणी सुरू केली आहे. म्हणजे उठलेला नाका परत बसतही असतो. जावयांचं ओळखपत्र घरी दुसऱ्या कोटात राहिलेलं. आईनं मात्र कमरेच्या पिशवीतून पासपोर्ट काढला, त्यातून विम्याचा कागद, हमीपत्राची झेरॉक्स, परतीचं तिकीट आणि सातबारा काढला. पोलीस सातबाऱ्याकडं बराच वेळ बघत होता. मग त्यानं सलाम केला आणि जावयांना फोनवरचा लायसनचा फोटो बघून सोडून दिलं. “तुमच्यामुळं सुटलो, आई,” असं जावई म्हणाले, हे तिनं मला तीनदा सांगितलं.

आणि मग चौऱ्याऐंशीव्या दिवशी रात्री अकराला आईचा फोन आला. मी घाबरलोच.

“बापू, झोपलास का? आज तो हसला.”

“कोण?”

“कोण काय? लेकरू. माझ्याकडं बघून हसला. झोपेतलं नाही, ओळखून हसला.” मग ती थोडी थांबली. “तुझ्या बँकेत ती मुदत ठेव संपली, की तू पुढं वाढवून देतोस ना? रिन्यू का काय? तसं या नव्वदाचं नाही का होत?”

मी नियम सांगितला. अगदी गंभीर आजारपण, आपत्ती, माणुसकीचं तसंच काही मोठं कारण, असं असेल तरच मुदत वाढते. दीड महिन्याचा नातू ओळखून हसला, हे कारण त्यात बसत नाही.

“अन् म्हैस?” मी विचारलं. “हळद?”

“म्हशीला काय होतंय? तुझी बायको काढतीच की धार.” आणि मग अगदी हळू, म्हणजे शेजारच्या खोलीतल्या लेकीला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, ती म्हणाली, “लेकीचं घर बी आपलंच असतंय रे.”

फोन ठेवल्यावर मला वकिलातीतला तो न पाहिलेला अधिकारी आठवला. सहा महिने मी त्याच्या नावानं बोटं मोडत होतो, की हा माणूस माझ्या आईवर शंका घेतो. ती परत येणार नाही, असं याला वाटूच कसं शकतं? आता कळलं, त्या माणसाला माझी आई माझ्यापेक्षा जास्त कळली होती. बहुधा त्यालाही आई असावी.

आई २८ तारखेच्या विमानानं निघाली, ठरल्याप्रमाणं, मुकाट्यानं. नांदेड स्टेशनवर उतरली तेव्हा तिच्या अंगाला बाळशेपाचा वास येत होता. घरी आल्यावर म्हशीनं तिला ओळखलं, हळदीला पाणी किती झालंय ते तिनं बांधावर उभं राहून सांगितलं, आणि आठ दिवसांत सगळं पहिल्यासारखं झालं. म्हणजे असं मला वाटलं.

सध्या आमच्याकडं हळद शिजवायचे दिवस आहेत. परवा रात्री कढईवरून येऊन, हातपाय धुऊन, आईनं भिंतीवरचं कालनिर्णय काढून माझ्यापुढं ठेवलं. “आता परत कवा जाता येतंय?”

मी म्हटलं, “नवा व्हिसा काढावा लागेल. पण एक आहे. २०२४ च्या एप्रिलपासून आपल्या लोकांसाठी नियम थोडा सैल झालाय. तीन वर्षांत दोन व्हिसे सरळ वापरले, की पुढचा दोन वर्षांचा मिळू शकतो.”

“तो दुसराच काढायचाय की मग. कवा?”

मी मोजलं. १ नोव्हेंबरपासून १८० दिवस भरतात २९ एप्रिलला. “पुरे नव्वद दिवस राहायचे तर ३० एप्रिल.”

आईनं बोट उचललं नाही. “अन् तो एक दिवस? तू हातचा ठेवला होतास तो? मी एकोणनव्वदच राहिले होते ना? तो कुठं गेला?”

मी पुन्हा मोजलं. बी.कॉम.ची लाज राखण्यासाठी कागदावर मोजलं. “तो जमा आहे, आई. त्याच्यामुळं तू एक दिवस आधी जाऊ शकतेस.”

“मग असं सांग की,” ती म्हणाली, आणि हळदीनं पिवळ्या झालेल्या बोटानं २९ एप्रिलवर टेकवलं. तारखेवर पिवळा ठसा उमटला. यंत्राला सहा खेपा लागल्या होत्या, कालनिर्णयावर पहिल्याच खेपेला आला.

उद्या शाखेत जाऊन आईचं तीन महिन्यांचं स्टेटमेंट छापायचं आहे. शेजारचं टेबल ‘उद्या या’ म्हणेल, म्हणून एक दिवस आधीच जातो आहे.